ओढण्याचा व्यायाम

पहाटे साडेपाचला गॅरेजमधला दिवा लावतो. फ्रिस्कोतल्या आमच्या घराचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे. त्यातल्या एका गाडीची जागा माझ्या व्यायामाला दिली आहे. भिंतीत दोन कड्या, त्यांना बांधलेले रबरी पट्टे, टेबलावर बसवलेली हातांनी फिरवायची सायकल आणि एक मोठा पंखा. पंखा सगळ्यांत महत्त्वाचा. माझ्या मज्जारज्जूला इजा झाली ती छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीवर. पुण्यातले डॉक्टर तिला ‘डी-फोर’ म्हणत, इथले ‘टी-फोर’ म्हणतात. त्याखाली मला घाम जवळजवळ येत नाही. टेक्ससच्या उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या वर जातो आणि घाम न येणारं शरीर उष्णता बाहेर टाकू शकत नाही. म्हणून ही वेळ, आणि मानेवर ओला पंचा.

व्यायामाआधी नळी घालून लघवी काढून टाकतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर इजा असली की भरलेलं मूत्राशय किंवा घट्ट बूट एवढ्या कारणानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागतं. तेव्हा ताठ बसायचं, कपडे सैल करायचे, नळी तपासायची, कारण शोधून दूर करायचं. दाब उतरलाच नाही तर तडक इस्पितळ गाठायचं.

मग पाय. पट्ट्यात पाऊल अडकवून एकेक पाय वर ओढतो, तशी मांडी थरथरायला लागते. आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली होती. मेंदूचा ताबा सुटलेले स्नायू असे आपोआप आखडतात, हे तिला समजावून सांगणं माझ्या आयुष्यातल्या फार अवघड कामांपैकी एक होतं.

खरं काम खांद्यांचं. खुर्ची ढकलणं, पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत जाणं, सगळा भार खांद्यांवर. हा सांधा हात चहूकडे फिरावा म्हणून घडला आहे. दिवसभर अंगाचं वजन पेलणं हे त्याचं काम नव्हे. सुरुवातीला मी दंड-छाती कमावण्याच्या मागे लागलो. वजनं वर ढकलायचो, आरशात बरं वाटायचं. वर्षभरात उजवा खांदा इतका दुखू लागला की रात्री त्या कुशीवर झोपता येईना. फिजिओथेरपिस्ट बाईंनी निदान साध्या शब्दांत सांगितलं: “तुम्ही दिवसभर ढकलताच. व्यायामात ओढा.”

तेव्हापासून पट्टे ओढतो. कोपर अंगालगत, खांद्यांची पाती एकमेकांकडे आणायची, क्षणभर थांबायचं, सावकाश सोडायचं. दहाचे तीन फेरे. चौथ्या मणक्याखाली पोट-पाठीचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून छातीला पट्टा बांधतो, नाहीतर पहिल्याच ओढीला पुढे कोसळेन. खुर्ची चालवायचीही रीत बदलली: भराभर छोटे धक्के न देता लांब ढकल द्यायची आणि परतताना हात चाकाच्या कडेखालून मोकळा आणायचा.

हातसायकल वीस मिनिटं. मज्जारज्जूच्या इजेसाठी 2018 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तंदुरुस्तीसाठी आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं दमवणारा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हृदय आणि साखरेचा विचार केला तर अर्धा तास, तीनदा. माझ्यासारख्यांची नाडी श्रमाच्या प्रमाणात चढेलच असं नाही, म्हणून मी घड्याळातल्या नाडीच्या आकड्याकडे बघत नाही. बोलता येतंय पण अभंग म्हणता येत नाही, एवढा दम लागला की वेग बरोबर.

आई सांगलीहून रविवारी फोन करते. तिच्या जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर तिला पाठ आहेत. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलेला हा सैनिक उपचाराचा भाग म्हणून पोहू लागला आणि 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आला. मला या गोष्टीत पदकाइतकंच दुसरं काही भिडतं: त्या पाण्यात त्यांना पुढे नेलं ते खांद्यांनी, एकेक हात पाणी मागे ओढत.

व्यायाम संपला तरी जागचं हलण्याची घाई करत नाही; तसं केलं तर घेरी येते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे झुकून बैठकीवरचा भार दोनेक मिनिटं हलका करायचा, हे दिवसभर चालू असतं. रात्री लांब दांड्याच्या आरशात बैठक आणि टाचा पाहतो. तिथली लाली तासाभरात गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी खुर्ची नाही, पट्टे नाहीत, पालथं पडून राहायचं. गेल्या हिवाळ्यात असे अकरा दिवस गेले.

पूर्वी आई विचारायची, “पायात काही हललं का रे?” परवा म्हणाली, “उजवा खांदा काय म्हणतोय?” मी फोन टेबलावर उभा केला आणि तिला पट्टा ओढून दाखवला. ती दहापर्यंत मोजत होती.