न ठरवलेल्या कामाचे बिल आले तर?

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले जुने लोक सांगून गेले. पण शेतकरी बंधुभगिनींनो, कधी कधी पायाचा पहिला दगड बसण्याआधीच बांधणाऱ्याचे बिल हातात पडते आणि घरात वाद सुरू होतो. द्यायचे की नाही?

समजा, तुम्ही माणिकपूरला राहता. वसई रोड स्टेशनाभोवती इमारती उठल्या, तरी तुमचे कौलारू घर अजून वाडीतच आहे. मागे विहीर, तिच्या पलीकडे बावखल. येत्या वैशाखात थोरल्याचे लग्न, म्हणून मागे दोन खोल्या काढायच्या आहेत. ओळखीने एक ठेकेदार आला, चहा घेतला, टेप लावून मोजमाप केले. चार दिवसांनी दोन मजूर पाठवून त्याने बावखलाच्या बाजूला तीन खड्डे खणून पाहिले. मग नकाशा आणि साडेनऊ लाखांचे अंदाजपत्रक आणून दिले. आकडा पेलणारा नव्हता, म्हणून तुम्ही काम दुसऱ्या मिस्त्रीला दिले. महिना झाला नाही तोच पहिल्याचे बिल आले: पाहणी 3,000, मोजमाप 5,000, नकाशा 14,000, खड्डे 7,000, अंदाजपत्रक 4,000. एकूण 33,000 रुपये!

मुलगा म्हणतो, "कुठे सही केली आहे? एक पैसा द्यायचा नाही." आजी म्हणते, "गावचा माणूस आहे, देऊन टाका. कोर्टाची पायरी नको." दोघांचेही थोडे थोडे चुकते.

आधी मुलाचे पाहू. सही नाही म्हणजे देणे नाही, असा कायदा नाही. तोंडी ठरलेला व्यवहारही करारच असतो. शिवाय 1872 च्या भारतीय करार कायद्यात 70 वे कलम आहे. एखाद्याने तुमच्यासाठी रीतसर काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा इरादा नव्हता आणि त्या कामाचा लाभ तुम्ही घेतला, तर त्याचा मोबदला तुम्ही दिला पाहिजे, असे ते सांगते.

या कलमाचा एक मोठा खटला बांधकामाचाच होता. 1944 साली बंगालमध्ये एका ठेकेदार पेढीने सरकारी खात्यासाठी आरामबागला कोठारे वगैरे बांधून दिली. सरकारने ती वापरली, आणि पैसे देताना म्हटले, की कायद्याला हवा तसा करार झालाच नव्हता. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर 1961 मध्ये निकाल लागला, की काम वापरले आहे, तेव्हा मोबदला द्या. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर.

पण त्याच निकालात आजीलाही उत्तर आहे. कोणी आपणहून काही करून दिले, तर ते न स्वीकारण्याची किंवा परत करण्याची मोकळीक समोरच्याला असते. तसे केले तर हे कलम लागत नाही. म्हणजे नुसते बिल आले म्हणून देणे लागत नाही. तेव्हा बिलाच्या प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा: हे आम्ही सांगितले होते का? आणि याचा आम्ही उपयोग केला का?

पाहणी, मोजमाप, अंदाजपत्रक: हा गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च. दहा साड्या उलगडून दाखवल्या म्हणून दुकानदार घडी घालण्याचे पैसे मागत नाही. "येण्याचे पैसे पडतील" असे त्याने आधी सांगितले असेल, तरच गोष्ट वेगळी.

नकाशा: तुम्ही मागितला नसेल आणि वापरलाही नसेल, तर परत करा. पण तोच कागद नव्या मिस्त्रीच्या हाती दिला असेल किंवा महापालिकेच्या परवानगीसाठी जोडला असेल, तर मात्र वाजवी किंमत द्यावी लागेल.

खड्डे: इथे खरी मेख आहे. मजूर खणत असताना तुम्ही तिथे उभे होता. "बघा काय लागते ते," असे म्हणालाही होता. चार फुटांवर चिखल लागला, हे त्यामुळेच कळले. आता नवा मिस्त्री त्या बाजूला पाया खोल घेणार आहे, तो याच माहितीवर. म्हणजे लाभ घेतला. त्या मजुरांची मजुरी देणे लागते. मात्र दोन मजूर अर्धा दिवस होते, तर 7,000 कसे, हे विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

बिल गप्प बसून दडपू नका आणि रस्त्यात भांडूही नका. पत्र लिहा, साधे असे:

"स. न. वि. वि. आपले अमुक तारखेचे बिल मिळाले. पाहणी, मोजमाप व अंदाजपत्रक यांचे पैसे पडतील असे आपण आधी सांगितले नव्हते, म्हणून ती रक्कम मान्य नाही. नकाशा आम्ही मागितला नव्हता, वापरलेला नाही. सोबत परत करीत आहोत. खड्ड्यांसाठी मजूर किती, किती वेळ व कोणत्या दराने, हे कळवावे. वाजवी मजुरी देऊ. कळावे."

पत्राची प्रत ठेवा. स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. मजुरी दिली, की "हिशोब पूर्ण, बाकी काही येणे नाही" असे लिहून सही घ्या.

तरी तो कोर्टाची धमकी देऊ लागला, तर घाबरू नका. आपले म्हणणे त्यालाच सिद्ध करावे लागेल, आणि अशा कामाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आतच लावावा लागतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत चौकशी करा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर तिच्यावर अपील नसते. उलट तुमचाच विसार त्याने दाबून ठेवला असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. आधी सल्ला हवा असेल, तर 1915 या क्रमांकावर फोन करा.

आणि पुढच्या वेळी टेप उघडण्याआधीच विचारा: "काम तुम्हाला दिले नाही, तर आजचे किती द्यायचे?" उत्तर वहीत लिहून दोघांनी सही करा. यात अविश्वास नाही. गुरांच्या बाजारातही आपण सौदा ठरवल्याशिवाय दावे सोडत नाही.

मुलाने वाद घातला म्हणून 26,000 रुपये वाचतील. आजीचे ऐकून मजुरी चुकती केली, म्हणून ठेकेदाराला लग्नाची पत्रिका देताना मान खाली घालावी लागणार नाही. गावात राहायचे तर दोन्ही हवे.