सागवानी पत्रा

खराडीत लाकूड दिसतं भरपूर, असतं थोडं. ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि त्यांच्या आजूबाजूला उठलेली गृहसंकुलं यांतून एक फेरी मारा. लिफ्टच्या आतल्या भिंती, डक्टची दारं, गॅलरीचं छत, वॉचमनची केबिन, सगळीकडे सागाच्या नाहीतर अक्रोडाच्या रेषा. टिचकी मारली की टण्ण आवाज येतो. यातलं काही ॲल्युमिनियम असतं, पावडर कोटिंगवर नक्षीची फिल्म गरम करून उतरवलेलं. काही ठिकाणी पत्र्यावर पीव्हीसीची फिल्म चिकटवलेली असते. तिसरा प्रकार म्हणजे आधीच रंगवलेला आणि रंगाबरोबरच नक्षी छापलेला पोलादी पत्रा. बाजारात रंगीत पत्र्याला सरसकट ‘पीपीजीआय’ म्हणतात. हा लेख त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

पुण्याचा लाकडाशी संबंध जुना आणि जरा जळका आहे. शनिवारवाडा 1732 मध्ये उभा राहिला. फेब्रुवारी 1828 मध्ये लागलेली आग आठवडाभर धुमसली आणि दगडी तट, जोती, कारंजी तेवढी मागे उरली. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आज पाहायचे तर विश्रामबागवाड्यासमोर उभं राहावं लागतं. भवानी पेठेतला लाकूडबाजार अजून चालतो, पण आग, वाळवी आणि सागाचा भाव या तिघांनी मिळून पोलादाला घरात घेतलं. गोदरेजने 1923 मध्ये पोलादी कपाटं करायला घेतली आणि पुढे लग्नाच्या रुखवतापर्यंत त्यांची मजल गेली.

त्या कपाटाचा क्रम सरळ होता. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं, घासायचं आणि शेवटी रंग मारायचा. पीपीजीआयने हा क्रम उलटा केला. कारखान्याच्या दारात पत्रा उतरतो तो रंगूनच. तिथे फक्त कापणं, वाकवणं आणि जोडणं उरतं. स्प्रे बूथ नको, भट्टी नको, हवेत उडून जाणारा रंग नको. लाकडाच्या नक्षीपेक्षा मला हे उलटेपण जास्त मोलाचं वाटतं. नक्षी कुणीही छापेल. काटकोनात वाकवल्यावरही न तडकणारा रंग करणं, खरी विद्या ती.

ही विद्या जन्मली खिडकीच्या पडद्यांपायी. 1935 च्या सुमारास अमेरिकेत जो हंटर यांनी व्हेनिशियन ब्लाइंडच्या अरुंद पट्ट्या सलग रंगवणारं यंत्र बांधलं. एकेक पट्टी रंगवून वाळवण्यापेक्षा अख्खं भेंडोळं एका टोकाने सोडायचं आणि दुसऱ्या टोकाला रंगवून गुंडाळायचं, एवढीच कल्पना. पट्ट्यांच्या जागी पुढे मीटर-सव्वा मीटर रुंदीचा पत्रा आला.

महाराष्ट्रात या धंद्याचा पट्टा पुण्याच्या बाहेर आहे. जिंदालांनी 1982 मध्ये तारापूरची पिरामल स्टील घेतली, तिची जिंदाल आयर्न अँड स्टील झाली, मग वाशिंदचा कारखाना उभा राहिला. नागपूरजवळचा कळमेश्वरचा कारखाना इस्पातकडून त्याच समूहाकडे, म्हणजे जेएसडब्ल्यूकडे आला. खोपोलीला भूषण स्टीलचा कारखाना होता, तो 2018 मध्ये टाटा स्टीलने घेतला. तिथलीच उत्तम गॅल्व्हा 2022 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून आर्सेलर मित्तल-निप्पॉनच्या गोटात गेली. टाटा ब्लूस्कोप ही 2005 ची भागीदारी, तिचं मुख्य कार्यालय पुण्यात आणि रंगाची लाइन जमशेदपूरला! पुणे हे रंगीत पत्र्याचं माहेर नव्हे, सासर आहे.

लाइन एकदा सुरू झाली की थांबवायची नाही, हा तिचा पहिला नियम. एक कॉइल संपत आली की दुसरीचं तोंड तिला टाचून जोडतात. त्या मिनिटभरात पुढची भट्टी उपाशी राहू नये म्हणून आधीच शंभरेक मीटर पत्रा उंच मनोऱ्यात वरखाली घड्या घालून साठवलेला असतो. मग अल्कलीच्या पाण्याने तेल धुतलं जातं, ब्रश फिरतात, रासायनिक लेप बसतो. हा लेप आणि खालचं अस्तर वर्षानुवर्षं क्रोमियमवर चालत आलं. षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने युरोपने त्यावर निर्बंध आणले, तेव्हापासून क्रोमविरहित लेपांची चाल वाढली. अस्तर लागतं रोलरने, पाचेक मायक्रॉन जाडीचं. भट्टीत पत्रा असतो अर्ध्या मिनिटाच्या आसपास आणि तेवढ्यात त्याचं तापमान 220 ते 240 अंशांवर जातं. बाहेर आला की पाण्याने थंड, पुढे वरचा रंग पंधरा-वीस मायक्रॉन, पुन्हा भट्टी. रंगातून सुटलेली द्रावकाची वाफ बंद भट्टीतच राहते, ती जाळून टाकता येते. गल्लीतल्या स्प्रे पेंटिंगमध्ये ती कारागिराच्या छातीत जाते.

साध्या रंगाचा पत्रा इथे संपतो. नक्षीच्या पत्र्याला मध्ये एक जास्तीचा टप्पा लागतो. खालचा रंग फिका, लाकडाच्या अंगच्या वर्णाचा. त्यावर ग्रॅव्ह्युअर छपाई. पोलादी सिलिंडरवर सूक्ष्म खड्डे कोरलेले असतात, त्यांत शाई भरते, एक पातळ पातं वरची जादा शाई पुसून काढतं, उरलेली शाई रबरी रोलवर उतरते आणि रबर ती पत्र्यावर टेकवतं. एक सिलिंडर रेषांचा, दुसरा गडद छटेचा, तिसरा बारीक छिद्रांचा. तिन्ही एकमेकांवर नेमके बसले तरच साग, नाहीतर डोळ्यांपुढे धूसर चित्र. सर्वात वर पारदर्शक लेप. शाईचा थर अवघा दोन-चार मायक्रॉनांचा, त्याला ओरखड्यापासून वाचवतो तो हाच लेप. तंत्र अनोळखी नाही. सनमायकाखालचा कागद असाच छापतात. फॉर्मायका कंपनी 1913 मध्ये निघाली ती विजेच्या इन्सुलेशनसाठी. 1927 मध्ये तिने मधल्या अपारदर्शक कागदाचं पेटंट घेतलं आणि लाकडाची नक्षी टेबलावर आली.

खोटं पकडायचं असेल तर गाठ शोधा. सिलिंडरचा परीघ संपला की नक्षी पहिल्यापासून सुरू होते, म्हणून तीच गाठ ठरावीक अंतरावर हमखास परत येते. एका मजल्यावर समोरासमोरच्या दोन दारांवर एकाच उंचीला, एकाच बाजूला झुकलेली तीच गाठ असेल तर दोन्ही पत्रे नक्षीच्या एकाच जागेपासून कापलेत असं समजा. जाणता फॅब्रिकेटर कापताना सुरुवात मागेपुढे सरकवतो. त्यात थोडा पत्रा वाया जातो, म्हणून बरेच जण सरकवत नाहीत. शेड कार्डावर ओक आणि वॉलनट हमखास असतात. शिसव मात्र शोधावं लागतं, याची मला अजून चुटपुट आहे.

रंगाची परीक्षा वाकवून होते. तुकडा स्वतःवरच दुमडायचा, मध्ये त्याच जाडीचे किती पत्रे ठेवले तर रंग तडकत नाही ते मोजायचं. एकही नको म्हणजे ‘झीरो टी’, दोन लागले तर ‘टू टी’. शिवाय एमईके नावाच्या द्रावकात भिजवलेल्या बोळ्याने रंग घासून पाहतात. भट्टी कच्ची असेल तर तो निघतो. पुण्याच्या फ्रिजवाल्यांना या परीक्षा पाठ आहेत. नगर रस्त्याने खराडीहून सुटलात की वाघोली, शिक्रापूर ओलांडून रांजणगाव येतं. तिथे एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने आहेत, आणि आधी रंगवलेला पत्रा ही फ्रिजच्या धंद्यातली जुनी चाल. लाल पार्श्वभूमीवर पांढरी फुलं असलेला फ्रिज आपल्याकडे घरोघरी आहे. सागवानी दरवाजा त्याच छापील पत्र्याच्या कुळातला.

आता दुखरी जागा. पत्रा कापला की कडेला पोलाद उघडं पडतं. तिथे रंग नाही, राखण करतं ते शेजारचं जस्त, स्वतः झिजून. ते किती आहे यावर सगळं अवलंबून. आयएस 277 या मानकात जस्ताचं वजन चौरस मीटरमागे दोन्ही बाजू मिळून सांगतात. 120 ग्रॅम म्हणजे एका बाजूला जेमतेम आठ मायक्रॉन, 275 म्हणजे एकोणीसच्या आसपास. पत्र्याच्या अरुंद पट्ट्या कापल्या तर हा हिशोब आणखी कडक होतो. 1250 मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून 100 मिलिमीटरच्या बारा पट्ट्या काढल्या की चोवीस कडा उघड्या, त्याही पूर्ण लांबीच्या. कॉइल पावसाळ्यात उघड्यावर ठेवली तर वेढ्यांमध्ये पाणी शिरतं आणि कडेने पांढरा गंज धरतो.

त्यात आपला लाडका ग्राइंडर. साइटवर तो हाताशी असतोच आणि त्याच्या ठिणग्या रंग जाळतात. गरम पोलादाचे कण पत्र्यावर चिकटून आठवड्याभरात तांबूस टिकल्या उमटवतात. हा पत्रा कात्रीने किंवा निबलरने कापायचा असतो. वेल्डिंगही चालत नाही, रंग आणि नक्षी दोन्ही करपतात. जोड रिव्हेटचा, दुमडीचा किंवा चिकटवणाऱ्या रसायनाचा हवा. उन्हाचंही तसंच. साधा पॉलिएस्टर रंग पश्चिमेच्या गॅलरीत पिठूळ होतो, तिथे पीव्हीडीएफ जातीचा रंग लागतो आणि त्याचा भाव चढा असतो.

लिफ्टच्या भिंतीला, केबिनला, डक्टच्या दाराला हा पत्रा उत्तम. वाळवी नाही, फुगणं नाही, भंगारात गेला तरी वितळून पुन्हा पोलाद होतो. मुख्य दाराला मात्र मी दहादा विचार करीन, कारण तिथे कुणी ना कुणी किल्ली ओढत जाणारच, आणि ओरखडा पडला की त्यातून लाकूड डोकावत नाही, राखाडी जस्त डोकावतं. लाकडाला रंधा मारून पुन्हा पॉलिश करता येतं. छापलेल्या सागाला टचअपची बाटली एवढाच उपाय.

म्हणून सोसायटीच्या कामाचं कोटेशन हातात आलं की ‘टीक फिनिश’ या दोन शब्दांवर सही करू नका. पत्र्याची मूळ जाडी रंगाशिवाय किती, जस्त किती ग्रॅम, रंग कोणत्या जातीचा आणि वर पारदर्शक लेप आहे की नाही, या चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. रंगवलेल्या जस्ती पत्र्याचं मानक आयएस 14246 आहे आणि ॲल्युमिनियम-जस्त लेपाच्या पत्र्याचं आयएस 15965. यांपैकी लागू असेल तो आकडा बिलावर मागा.