डिस्क बदलली, लुकलुक तीच

टीव्हीला यंत्र जोडायचे, त्यात सीडी घालायची आणि घरबसल्या ज्ञानकोश चाळायचा, नाहीतर खेळ खेळायचा. फिलिप्स कंपनीने १९९१ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणलेल्या ‘सीडी-आय’ची ही कल्पना. ‘आय’ म्हणजे इंटरॅक्टिव्ह. पडद्यावर पुढे काय व्हायचे ते हातातल्या कंट्रोलरने पाहणाऱ्यानेच ठरवायचे. हे यंत्र फारसे चालले नाही. १९९३ ची व्हिडिओ सीडी त्याच घराण्यातली. ती मात्र आपल्याकडे घरोघरी पोहोचली. एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटे मावत, म्हणून सिनेमासाठी मध्येच उठून डिस्क बदलावी लागे, हे अनेक सोलापूरकरांना आठवत असेल.

सिनेमा पाहणारा भिंतीला टेकून बसतो. खेळणारे मूल पडद्याकडे सरकत जाते. काही मोजक्या मुलांच्या बाबतीत हे अंतर फार महत्त्वाचे असते.

लुकलुकत्या प्रकाशाने ज्यांना फिट येते, त्यांच्या आजाराला प्रकाशसंवेदी अपस्मार म्हणतात. अपस्माराच्या शंभर रुग्णांत असे साधारण ३ ते ५ जण असतात आणि त्रास बहुधा ७ ते १९ या वयात सुरू होतो. सेकंदाला १५ ते २५ वेळा होणारी उघडझाप सर्वांत घातक. आपले जुने डबा टीव्ही सेकंदाला ५० अर्धी चित्रे दाखवत. जवळून पाहिले की त्यातल्या ओळी सेकंदाला २५ वेळा थरथरत. लांबून ही थरथर जाणवत नाही.

आजच्या सपाट पडद्यांवर ती थरथर नाही. पण चित्रातलीच लखलख कायम आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे १२ वेळा चमकला आणि जवळपास ६८५ जणांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना त्याआधी कधीच फिट आली नव्हती.

म्हणून खेळ मोबाइलवरचा असो की टीव्हीवरचा, काही गोष्टी पाळा. खोलीत दिवा लावा. टीव्हीपासून किमान दोन मीटर लांब बसा. तासाभराने उठा. जागरण करून खेळू नका. अपुरी झोप हे फिटचे मोठे निमित्त आहे. पडद्यावर लखलख सुरू झाली तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि मान वळवा. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतूनही प्रकाश आत जातो.

फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही; बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर थेट रुग्णालय गाठा.

पहिली फिट लपवू नका, मुलगी असेल तर मुळीच नाही. लग्न जमणार नाही या भीतीने तपासणी टाळली जाते, गोळ्या मध्येच बंद केल्या जातात, आणि पुढची फिट चुलीपाशी किंवा विहिरीवर येते. ईईजी तपासणीत डोळ्यांसमोर दिवा चमकवून ही संवेदनशीलता ओळखता येते. नियमित औषधाने बहुतेक मुले शाळा शिकतात, आणि लांब बसून खेळतातही.