संगणक सुरू न झाल्यास : दोन प्रणालींच्या संगणकाची पारख

दूधगंगेच्या काठी वसलेल्या सदलगा परिसरात मराठी व कन्नड या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. ज्यांनी सुटे भाग आणून संगणक जुळवून घेतला आहे, त्यांपैकी काहींच्या यंत्रात विंडोज आणि लिनक्स या दोन प्रणालीही अशाच शेजारी नांदत असतात. हिशेबाच्या काही आज्ञावली विंडोजवरच चालतात, तर लिनक्स विनामूल्य मिळते. शिवाय विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे जुन्या यंत्रावर लिनक्स बसविण्याकडे अनेकांचे लक्ष वळले आहे.

असा संगणक एके दिवशी सुरूच झाला नाही, तर तो उचलून चिकोडी, निपाणी किंवा इचलकरंजीस नेला जातो. तेथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असा सल्ला मिळण्याचा संभव असतो. फॉरमॅट करणे म्हणजे शाळेची निकालपत्रके, उसाच्या बिलांचा हिशेब, घरची छायाचित्रे हे सारे पुसून टाकणे होय. वस्तुतः पुष्कळदा आतील मजकूर सुखरूप असतो; मोडलेली असते ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट. म्हणून बिघाड कोठे आहे, हे प्रथम ओळखावे.

जागे होण्याचे चार टप्पे

संगणकास प्रथम वीज मिळते. नंतर मदरबोर्ड आपल्या भागांची तपासणी करतो. तिसऱ्या टप्प्यात ‘ग्रब’ नावाची छोटी आज्ञावली ‘विंडोज की लिनक्स?’ असे विचारणारी यादी दाखविते. शेवटी निवडलेली प्रणाली सुरू होते. संगणक कोणत्या टप्प्यावर अडला, हे पाहिले की निम्मे काम झाले.

वीज आणि जोडण्या

दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर प्लग, बोर्ड व पेटीच्या मागील बाजूचे बटण तपासावे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी वीज पूर्णपणे तोडून पेटी उघडावी, रॅमची पट्टी काढून कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसावी व पुन्हा घट्ट बसवावी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास पडद्याची वायर त्या कार्डालाच जोडलेली हवी. वीजपुरवठ्याचा डबा मात्र कोणीही उघडू नये.

डिस्क सापडत नाही

कंपनीचे नाव उमटते, परंतु ‘बूट करण्याजोगी डिस्क नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. अशा वेळी डिस्कची वायर सैल झाली आहे काय, ते पाहावे. तारीख वारंवार मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपलेली असते. ती संपली की सेटिंग मूळपदावर जातात आणि डिस्कचा क्रमही बदलू शकतो. बॅटरी बदलून क्रम पुन्हा लावावा.

घड्याळ नेमके साडेपाच तासांनी चुकत असेल, तर मात्र तो बॅटरीचा दोष नव्हे. यंत्रातील घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचते, तर लिनक्स ते जागतिक वेळ म्हणून वाचते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगितले की हा फरक मिटतो.

यादी नाहीशी होते

विंडोजच्या मोठ्या अद्ययावतीकरणानंतर कधी कधी यादी न दिसता थेट विंडोजच सुरू होते. लिनक्स पुसले गेले, असा समज करून घेऊ नये. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सची नोंद प्रथम क्रमांकावर आणावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा सुधारणेमुळे जगभरातील अनेक द्विप्रणाली संगणकांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. तेव्हाही लोकांच्या फाइली डिस्कवर शाबूत होत्या.

‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे दिसल्यास ग्रबला आपल्या फाइली सापडत नाहीत, असे समजावे. डिस्कचा एखादा भाग पुसला किंवा बदलला गेल्यास असे घडते. पेनड्राइव्हवरील लिनक्स सुरू करून प्रथम फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी व त्यानंतरच ग्रब पुन्हा बसवावे.

आधीची दक्षता

लिनक्सचा एक पेनड्राइव्ह तयार ठेवावा. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद ठेवावे. ते चालू असता विंडोज पुरते बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या भागात लिहिण्यास अडथळा येतो. बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली वहीत उतरवून घ्यावी. तिच्यावाचून पेनड्राइव्हवरूनही विंडोजच्या भागातील फाइली वाचता येणार नाहीत. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर घ्यावी.

दुरुस्तीस यंत्र देण्याची वेळ आलीच, तर ‘आधी फाइली काढून द्या, मग फॉरमॅटचे पाहू’ असे स्पष्ट सांगावे. यंत्राचा भाग बाजारात पुन्हा मिळतो; वर्षभर लिहिलेले मात्र विकत मिळत नाही.