ओळींस क्रमांक देणें

यंत्रमागाचा खडखडाट ज्याच्या कानीं पडत नाहीं असा विद्यार्थी भिवंडींत विरळाच. मागावरील कामगारास मजुरी मिळते ती विणलेल्या कापडाच्या मापावर. ते तागे उतरवून घेऊन त्यांची नोंद ठेवण्याचें काम कारखान्याचे मेहताजी करीत असतात. पूर्वीं ही नोंद चोपडींत होत असे. आतां कित्येक ठिकाणीं ती संगणकावर होते. चोपडींतली चूक डोळ्यांस दिसते, संगणकांतली पुष्कळदां दिसत नाहीं, आणि तिचा भुर्दंड मात्र भलत्यासच पडतो.

आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचे वडील एका कारखान्यांत कापडाची घडी घालण्याचें काम करितात. एके दिवशीं हा मुलगा उदास चेहऱ्यानें एक छापील कागद घेऊन आला. त्यावर सात दिवसांच्या ताग्यांची यादी होती. दर ताग्यास एक ओळ, आणि एका दिवसाची नोंद संपली कीं मध्यें एक कोरी ओळ, अशी तिची मांडणी. कागदावर शेवटचा क्रमांक ४७ होता. गोदामांत तागे भरले ४१. सहा ताग्यांचा जाब घडी घालणाऱ्याकडे मागण्यांत आला होता.

हे क्रमांक हातानें घातलेले नव्हते. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं ‘युनिक्स’ नांवाच्या संगणक-प्रणालीच्या कामास आरंभ केला. तिच्या वळणावर पुढें ‘लिनक्स’ प्रणाली निर्माण झाली. या प्रणालींत चित्रांवर बोट न ठेवितां, आज्ञा अक्षरांनीं लिहून काम करून घेतां येतें. ‘कॅट’ या आज्ञेपुढें आडवी रेघ व ‘एन’ हें अक्षर लिहिलें, तर फाईलींतील प्रत्येक ओळीस क्रमांक मिळतो. मग ती ओळ भरलेली असो वा कोरी. सात दिवसांच्या मध्यें कोऱ्या ओळी सहा. ४१ आणि ६ मिळून ४७. चोर सांपडला तो असा!

याच कामासाठीं ‘एन्एल्’ ही दुसरी आज्ञा आहे. ‘ओळींस क्रमांक द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन हें नांव झालें. ती कांहीं न सांगतां कोऱ्या ओळी वगळते. सर्वच ओळी मोजावयाच्या असल्यास पुढें आडवी रेघ देऊन ‘बी’ व ‘ए’ हीं अक्षरें लिहावीं लागतात.

मुलानें मूळ फाईल मागून आणिली. आम्हीं मोठ्या ऐटीनें ‘एन्एल्’ चालविली, आणि शेवटचा आंकडा आला ४२! मुलाचा चेहरा पुन्हां उतरला. खरें सांगावयाचें तर आमचाही उतरला. एक तागा खरोखरच गेला कीं काय, असें क्षणभर वाटलें.

पण ‘कोरी दिसणारी’ ओळ आणि ‘कोरी असलेली’ ओळ यांत अंतर आहे. टंकलेखन करितांना शब्दांमध्यें जागा सोडणारी लांब कळ चुकून दाबली गेली, तर ओळींत एक रिकामी जागा राहते. आपणांस ती दिसत नाहीं. यंत्रास मात्र तें एक अक्षरच होय, म्हणून तें त्या ओळीस क्रमांक देतें. ‘कॅट’ला आडवी रेघ व मोठें ‘ई’ हें अक्षर दिलें, म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटीं डॉलरचें चिन्ह उमटतें. तसें करून पाहतां पांच कोऱ्या ओळींत तें चिन्ह अगदीं आरंभास होतें, सहावींत एक घर सरकलेलें. बेचाळिसावा तागा तो हाच.

ठराविक खूण असलेल्या ओळींसच क्रमांक द्यावा, असेंही ‘एन्एल्’ला सांगतां येतें. त्यासाठीं ‘बी’पुढें ‘पी’ लिहून लगेच ती खूण लिहावयाची. ज्ञानेश्वरीचें उदाहरण घ्या. तेथें क्रमांक ओळीस नसून ओवीस असतो, आणि छापतांना एका ओवीच्या बहुधा दोन ओळी होतात. सरसकट ओळी मोजल्या तर पहिल्याच ओवीस दोन क्रमांक पडतील. ओवीच्या अखेरचा दुहेरी दंड ही खूण सांगितली, तर एकच पडेल. तरीही हा क्रमांक त्या प्रतीपुरताच. राजवाड्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रतींतील व इतर प्रचलित प्रतींतील ओव्यांची संख्या सारखी नाहीं; म्हणून ओवीचा क्रमांक देणारानें प्रतीचें नांवही द्यावें.

आणखी एक सूचना आमच्या उतावळ्या मित्रांस. ‘एन्एल्’ मूळ फाईलीस हात लावीत नाहीं. क्रमांक घातलेला मजकूर पडद्यावर दाखविते. तो जपून ठेवावयाचा तर बाणासारखें चिन्ह देऊन नव्या फाईलीचें नांव लिहावें. तेथें जुन्याच फाईलीचें नांव लिहिलें, तर वाचन सुरू होण्यापूर्वींच ती पुसली जाते, आणि हातीं रिकामी फाईल राहते.

नवा कागद घेऊन मुलगा त्याच सायंकाळीं वडिलांसह मेहताजींकडे गेला. त्यांनीं तो वाचला, गोदामांतील तागे स्वतः पुन्हां मोजले, आणि जाब मागे घेतला. हल्लीं त्यांच्या यादींत ताग्याच्या प्रत्येक ओळीच्या आरंभीं ‘ता’ हें अक्षर असतें, आणि क्रमांक पडतात ते तेवढ्याच ओळींस.