तंबोऱ्याची नक्षी जवळून पाहिलीय का?

मैफलीत तंबोरा आपण ऐकतो, पण नीट बघत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलात, तर आधी त्याच्यावरची नक्षी बघा.

भोपळ्याच्या कडेने आणि दांडीवर जी पांढरी नक्षीदार पट्टी दिसते, ती पूर्वी हस्तिदंताची असे, आता बहुधा प्लास्टिकची असते. कारागीर अणकुचीदार हत्याराने तिच्यावर वेलबुट्टी कोरतो, कोरलेल्या रेघांत रंग भरतो आणि वरचा रंग पुसून टाकतो. रंग फक्त खाचेत उरतो, त्यामुळे हात लागून सहज जात नाही.  युक्ती एवढीच: रंग पृष्ठभागाच्या खाली ठेवायचा!

गळा आणि भोपळा जुळतो तिथली लाकडी पानं पाहा. ती शोभा तर देतातच, शिवाय सांधाही झाकतात. सजावट झाली की शेवटी पॉलिशचे हात बसतात.

हा भोपळा भाजीचा नव्हे, कडू. तो पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. एकोणिसाव्या शतकात कारागीर फरीदसाहेबांनी मिरजेत तंतुवाद्यं बनवण्याच्या कामाचा पाया घातला. पूर्वी हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी पुढे सतारमेकर झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

तुमच्या घरी जुना तंबोरा आहे? त्याच्या नक्षीचा फोटो कमेंटमध्ये नक्की टाका.

#मिरज #तंबोरा #सांगली