बटाट्याच्या जागी फ्लॉवरचा भुर्ता

आम्हा कऱ्हाकाठच्या मोरगावकरांच्या घरी खिम्याबरोबर बटाट्याचा भुर्ता ठरलेला. पण अब्बांना किंवा दादीला साखरेचा आजार जडला की ती वाटी त्यांच्यापुढून उचलली जाते आणि एकाच दस्तरखानावर बसूनही त्यांचे जेवण वेगळे होते. त्यावर फ्लॉवरचा भुर्ता हा सोपा उपाय आहे. 100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे 87 कॅलरी आणि 20 ग्रॅम कर्बोदके असतात. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम 25 कॅलरी आणि 5 ग्रॅम कर्बोदके.

फ्लॉवरचे तुरे मिठाच्या कोमट पाण्यात 10 मिनिटे ठेवा, म्हणजे अळ्या निघून जातात. मग वाफवा, पाण्यात उकडल्यास भुर्ता पाणचट होतो. मऊ झाल्यावर स्वच्छ फडक्यात हलके पिळा आणि गरम असतानाच घोटा. चमचाभर तुपात लसूण परतून त्यावर ओता. मीठ, मिरपूड आणि दोन चमचे दही घालून कालवा. बटाट्याची चव हवीच असेल तर एक लहान बटाटा मिसळा.

तूप-साय सढळ हाताने घातली तर हलकेपणा उरणार नाही. औषधगोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. भुर्ता मात्र सगळ्यांसाठी एकच करा.